आवाज न होणारे पदार्थ

॥ श्री ॥

रावेत,
१९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अण्णांस,
विजयश्रीचा शि. सा. न. वि. वि.

सुनेने सासऱ्याला टपालाने पत्र लिहावं, तेही रावेतहून आकुर्डीला, हे बघून तुम्ही हसाल. हसा. पण मला दुसरा मार्ग राहिलेला नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला नाचताना दिसतात, आणि परवा मी तुमच्या आकुर्डीच्या जुन्या खोलीवर आले तेव्हा तुम्हाला ऐकू जावं म्हणून एवढी ओरडत होते की शेजारच्या केसरबाई दारात येऊन विचारू लागल्या, भांडण झालंय का. तेवढ्यात तुम्ही बोलणं शिताफीने कुंडीतल्या कढीपत्त्याकडे नेलंत. पत्रात तसं करता येत नाही. म्हणून हा उद्योग.

तुम्ही गेलात त्याला उद्या तीन आठवडे होतील. खोली बंद राहून ओल धरते, रंग देऊन घेतो, चार दिवसांत येतो असं सांगून गेलात. रंग कधीच वाळला. मी हात लावून पाहिला. तुमच्या पट्ट्याला मात्र नवीन भोक पाडलेलं दिसलं, तेही खिळ्याने. केसरबाई सांगत होत्या की त्यांनी दोनदा भाकरी-भाजी दिली, तुम्ही भाजीतला बटाटा तेवढा ठेवून भाकरी परत केलीत. ज्वारीची भाकरी परत करणारे अण्णा मला माहीत नाहीत.

आता स्पष्टच लिहिते. परदेशी पाहुण्यांसमोर कसं बसावं, कसं खावं, याचा दोन दिवसांचा वर्ग निरंजनच्या कंपनीत झाला आणि तिथून आल्यापासून तो घरभर शिकवत सुटला. त्या रविवारी तुम्ही आमटीचा भुरका मारलात. त्याने दोनदा सांगितलं, तुम्हाला ऐकू गेलं नाही. मग त्याने वर्गात मिळालेल्या वहीचं पान फाडलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं की अण्णा, तोंड मिटून खा, आवाज होतो, आणि ते तुमच्या ताटाशेजारी ठेवलं. तुम्ही चष्मा लावून वाचलंत, मान हलवलीत आणि कागदाची घडी खिशात घातलीत. निशिगंधा बघत होती. बारा वर्षांची मुलगी, तिला सगळं कळतं. त्यानंतर आठ दिवस तुम्ही आम्हा तिघांच्या आधी, ओट्याशी उभ्याने जेवलात. नवव्या दिवशी तुम्हाला खोलीला रंग द्यायचं आठवलं.

मी निरंजनची बाजू घेत नाही आणि तुमचीही घेत नाही. मला एवढंच सांगा की दुखतंय कुठे. दात, पोट, की आणखी काही? खरं सांगितलंत तर औषध करता येईल.

आम्ही तिघं ठीक. तुमच्या इथल्या खोलीतली खाट निशिगंधाने कुणाला हलवू दिलेली नाही.

रागावलात तरी चालेल, पण रागाचं का होईना उत्तर धाडा.

तुमची सून,
विजयश्री

---

आकुर्डी,
२३ जानेवारी २०२५

चि. सौ. विजयश्री हिस रंगरावाचे अ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन आधी पत्ता बघे, मग माझ्याकडे बघे. त्याला वाटलं कोर्टाचं काही आहे.

दात बत्तीस नाहीत, पण आहेत ते नेकीने नोकरी करतात. पोट ठणठणीत. कढीपत्ता फुटला आहे, हेही सांगून टाकतो, म्हणजे तुझा तो विषय मिटेल.

निरंजनवर माझा राग नाही. त्याचं काय चुकलं? एकतीस वर्षं मी प्रेस शॉपला काढली. पत्र्यावर दोनशे टनांचा ठोका पडायचा, दिवसाला हजारो वेळा. आम्ही कानात कापूस कोंबायचो, तोही पाळी संपेपर्यंत तेलाने काळा व्हायचा. कान गेले ते एका दिवसात नाही गेले, हळूहळू गेले, त्यामुळे भांडायलाही कुणी सापडलं नाही. ज्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही त्याला स्वतःचं कुठून येणार? मला आपलं वाटत होतं की मी चार माणसांसारखा जेवतो.

इथे आल्यावर केसरबाईंना विचारलं की मी खाताना आवाज होतो का. त्यांनी भिडेखातर नाही म्हणून मान हलवली. मी त्यांना त्यांच्या नातवाची शपथ घातली. तेव्हा हातवारे करून म्हणाल्या की रस्त्यावर टेम्पो घरघरत उभा असला तरी कळतं, अण्णा जेवायला बसले. घ्या! म्हणजे सतरा-अठरा वर्षं मी वाजत होतो आणि मलाच बातमी नव्हती.

मग मी माझी एक पद्धत बसवली. आपल्या शॉपला माल तपासणारा असायचा, तसं मी केसरबाईंना जेवणाच्या वेळी दाराबाहेर माझ्याकडे पाठ करून बसवतो. आवाज आला की त्यांनी हात वर करायचा. मी जेवत जेवत त्यांच्या हाताकडे बघतो. त्यावरून कुठला पदार्थ वाजतो आणि कुठला नाही याची यादी झाली. भाकरी वाजते. कांदा, काकडी, शेंगदाण्याची चटणी, पापड यांना तर रजाच दिली. आपल्या गावाकडची भाजल्या पिठाची येसर आमटी तर सगळ्यांत नाठाळ, ती ओढल्याशिवाय घशाखाली उतरतच नाही. आवाज न होणारे पदार्थ पाच निघाले: दहीभात, केळं, मऊ खिचडी, दुधात भिजवलेली पोळी आणि उकडलेला बटाटा. तेवढ्यावर माझं छान चाललं आहे. पट्ट्याचं म्हणशील तर या वयात माणसाने हलकंच असावं.

सोमवारी हात नऊ वेळा वर झाला. काल पाच. ज्या दिवशी एकदाही होणार नाही त्या दिवशी मी पिशवी उचलून रावेतला येतो आणि तुमच्यात पंगतीला बसतो, हा माझा शब्द. तोवर आग्रह करू नकोस. निरंजनच्या घरी आता मोठी माणसं जेवायला येणार, त्याची बढती व्हायची आहे, त्यात म्हाताऱ्याने वाजत बसू नये.

निशिगंधेला सांग की खाट वापर, अभ्यासाला बरी पडते.

तुम्हा तिघांवर आहे तेवढी माया आहे, ती इकडे आल्याने कमी झालेली नाही.

तुझा,
अण्णा

---

रावेत,
२ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये उघडलं. केसरबाई हात वर करतात तिथे हसले आणि पाच पदार्थांची यादी आली तिथे रडू फुटलं. शेजारची बाई पाण्याची बाटली पुढे करून विचारत होती, घरात कुणी गेलं का. काय सांगू तिला? की माझा सासरा दुधात पोळी भिजवून स्वतःची परीक्षा घेतोय?

अण्णा, एक जुनी गोष्ट सांगते. तुम्ही मला बघायला आमच्या गावी आलात तेव्हा मी आत चुलीपाशी होते. बाहेर सगळे अंग चोरून बसलेले. आमची चाकणच्या बाजूची माणसं अबोल, आमचा चुलता गेनूआबा तरी कुठे बोलतो! आणि तुम्ही कंपनीतले, आकुर्डीचे, वर परांड्याकडचे, म्हणजे तिकडचं काही कुणाला माहीत नाही. आईचा जीव टांगणीला. एवढ्यात बाहेरून तुमचा भुरका ऐकू आला, चांगला लांबलचक. आई, म्हणजे आमची गवराबाई, माझ्याकडे बघून म्हणाली की आता काय बी काळजी न्हाई, मानूस आपल्यातलंच हाय. तुमचं लग्नाला होकार देणं नंतर झालं. आमच्याकडून होकार आमटीनेच दिला होता. आमच्याकडे पाहुणा गुपचूप जेवला की बायका आत कुजबुजतात, मीठ कमी पडलं का गं.

पण तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मलाही कधीकधी त्रास व्हायचा. बारा तास घराबाहेर काढून आलं की कसलाच आवाज नको वाटतो, कुकरच्या शिट्टीचा नाही की तुमच्या जेवणाचा नाही. त्या दिवशी निरंजनने कागद ठेवला तेव्हा मी माझ्या ताटाकडे बघत राहिले. तो उचलून फाडायला मला किती वेळ लागला असता? मी उचलला नाही, कारण तो बोलतो ते मला आतून पटत होतं. याची मला लाज वाटते.

आता आजचं सांगते. निरंजनच्या कंपनीत नवीन मशीन बसवायला जपानहून मोरिता नावाचे साहेब आले आहेत. आज ते आपल्याकडे जेवायला होते. निरंजनने काटे-चमचे नवे आणले, ते कुठल्या हाताला ठेवायचे ते मला तीनदा सांगितलं. मी कढी-खिचडी केली होती. साहेबांनी नमस्कारासारखे हात जोडले, कढीची वाटी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि असा भुरका ओढला की झाऱ्यातला पापड माझ्या हातून तेलात परत पडला. मग हसून इंग्रजीत सांगू लागले की त्यांच्याकडे शेवया आणि रस्सा असाच ओढायचा, करणारणीला बरं वाटतं. घास चावताना मात्र तोंड उघडं चालत नाही म्हणे. म्हणजे तिथेही कुठला आवाज चांगला आणि कुठला वाईट, याचे त्यांचे कायदे आहेतच.

हे ऐकून निरंजन इतका खूश झाला की त्याने चमचा बाजूला टाकला, वाटी उचलली आणि साहेबांच्या वरताण भुरका मारला. दोघं हसताहेत, एकमेकांना टाळी देताहेत. अण्णा, मला तुमच्या ताटाशेजारचा तो कागद दिसायला लागला. मी पापड जळाल्याचं निमित्त करून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

 साहेब गेल्यावर मी तुमचं पत्र निरंजनपुढे ठेवलं. त्याने उभ्यानेच वाचलं. आता तोही लिहितो म्हणतो. काय लिहील देव जाणे.

भाकरी खा. माझी शपथ आहे, आणि शपथा घालायला मी तुमच्याकडूनच शिकले.

तुमची,
विजयश्री

---

रावेत,
३ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णा,
सा. न.

विजूने तुमचं लेटर दाखवलं. त्या दिवशीसाठी सॉरी. ऑडिट तोंडावर होतं, डोक्यात तेच चालू होतं. तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं.

आता एक चांगली बातमी. काल मोरिता साहेब जेवायला होते. जपानमध्ये भुरका मारणं म्हणजे स्वयंपाकाची तारीफ समजतात. म्हणजे तुमचं बरोबरच होतं! मी आज कंपनीत पण सगळ्यांना सांगितलं की आमचे अण्णा पहिल्यापासून जपानी पद्धतीने जेवतात. सगळे खूप हसले. त्यामुळे आता काही प्रॉब्लेम नाही, तुम्ही बिनधास्त या. पुढच्या शनिवारी फर्स्ट शिफ्ट संपली की गाडी घेऊन येतो. बॅग भरून ठेवा. केसरबाईंची ड्यूटी पण बंद करा.

तब्येत सांभाळा.

तुमचा,
निरंजन

---

आकुर्डी,
७ फेब्रुवारी २०२५

चि. निरंजन यास अ. आ.

तुझं पत्र मिळालं. पुढच्या शनिवारी गाडी आणू नकोस. मी येणार नाही.

तू कागद लिहिलास तेव्हा मला राग आला नव्हता. हे पत्र वाचून आला. भुरका माझा. तो मी तुझ्या जन्माच्या आधीपासून मारतो. घरात तो गावंढळ होता. एका साहेबाने ओढला आणि एका दुपारीत तो तारीफ झाला. म्हणजे मी जपानचा शिक्का मारून घरात यायचं? आणि पुढच्या वर्षी जर्मनीचा साहेब आला, त्याला चालला नाही, तर परत आकुर्डी? तुमच्या कंपनीत गिऱ्हाईक बदललं की माल तोच असून नापास होतो, ते मला ठाऊक आहे. पण बापाचं तसं करू नये, बाबा.

एवढं लिहून मी पेन ठेवला होता. मग वाटलं की हे अर्धंच आहे. उरलेलं आजवर कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

एक्याण्णव साली तुझे आजोबा, उद्धवराव, म्हणजे माझे दादा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गावाहून इथे याच खोलीत आले होते. तेव्हा मला ऑपरेटरचा सेटर, म्हणजे एक पायरी वर, करायचं चाललं होतं. त्या दिवशी आमचा फोरमन चहाला आला. पुण्याचा माणूस, कडक इस्त्रीचा. त्याच्यासाठी तुझ्या आईने शेजारून कप आणले आणि चहा देऊन ती नळावर पाण्याला गेली. दादांनी नेहमीप्रमाणे चहा बशीत ओतला आणि फुर्र करून ओढला. फोरमन हसला. आज विचार केला तर त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं. पण मी एकदम उठलो आणि दादांच्या हातातली बशी काढून घेतली. भरलेली होती. निम्मी त्यांच्या धोतरावर सांडली. डोळ्याला पट्टी होती, त्यांना आधी कळलंच नाही की कुणी ओढली. कळल्यावर हात तसाच धरून बसले.

 दुसऱ्या दिवशी म्हणाले की चहाने पित्त होतं, मला करू नका. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. वर्षातून एकदा यायचे. दर वेळी पित्त. मीही म्हणायचो, बरं, नको तर नको. ते गेले तेव्हा दहाव्याला गावातला हॉटेलवाला रडत रडत म्हणाला की म्हातारा दिवसाला सहा कप घ्यायचा, आता सकाळी पहिला चहा कुणाला देऊ. मी तिथे नदीच्या पायरीवर बसलो होतो. 

सेटर मी झालो. पगार वाढला, तुझी शाळा बदलली. दादांची माफी मागायची राहिली. कशाबद्दल मागणार? त्यांनी तर तक्रारच केली नव्हती, पित्त सांगितलं होतं. म्हणून तुझा कागद वाचला तेव्हा मी मान हलवली. मला वाटलं, हा मीच लिहिलेला आहे.

असं आहे सगळं. तुला दुखवायला लिहिलं नाही. नोकरी नीट कर, ऑडिटला यश येवो.

तुझा बाप,
रंगराव

---

रावेत,
११ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णांस,
निरंजनचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून खिशात आहे. काल लाइन बंद होती तेव्हा मशीनच्या मागे उभा राहून पुन्हा वाचलं. मागचं माझं पत्र जमलं तर फाडून टाका.

आजोबा मला आठवतात. मी सात वर्षांचा असेन. मी माझा दुधाचा चहा त्यांच्यापुढे न्यायचो, ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे की इथल्या पाण्याला चहा चांगला होत नाही. मला ते खरं वाटायचं. मी शाळेतही सांगायचो की आकुर्डीचं पाणी चहाला वाईट आहे.

आता तुम्ही खरं सांगितलंत, तर मीही सांगतो. हे विजूला माहीत नाही. त्या वर्गात शेवटी आम्हाला जेवायला बसवलं होतं. शिकवणारी बाई मागून फिरत होती. अचानक थांबून म्हणाली की सगळ्यांनी हात थांबवा आणि ऐका. वीस जणांचे हात थांबले. मी भुकेला होतो, माझं लक्ष नव्हतं, मी खातच होतो. हॉलमध्ये एकट्या माझाच आवाज येत होता. मग सगळे हसले. माझ्या हाताखालची दोन पोरं होती, तीही हसली. बाई म्हणाली की माणूस कुठून आलाय ते त्याच्या जेवणावरून कळतं. पुढचा सगळा वेळ मी पाणी पीत बसलो.

रविवारी घरी जेवायला बसलो आणि तोच आवाज तुमच्या ताटातून आला. अण्णा, मला तुमचा आवाज नको नव्हता, मला माझा नको होता. तुम्ही समोर होतात म्हणून कागद तुमच्यापुढे गेला.

मी तुम्हाला न्यायला येत नाही. तुम्ही यावं असं म्हणायचा हक्क मला आहे का, हेही कळत नाही. या रविवारी एकटाच येतो, फक्त जेवायला. केसरबाईंना बाहेर बसवू नका. आणि कृपा करून दहीभात करू नका.

तुमचा,
निरंजन

---

आकुर्डी,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विजयश्री हिस अ. आ. वि. वि.

काल तुझा नवरा येऊन जेवून गेला. त्याने तुला काही सांगितलं नसणार, तो सांगणारा नाही, म्हणून मी लिहितो.

सकाळी उठून येसर आमटी केली. केसरबाईंनी भाकऱ्या थापून दिल्या. त्यांना मी सांगितलं की आज तपासणी बंद, तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पोरगं काय बोलेल ते एकदा तरी नीट ऐकावं म्हणून ते कानाचं यंत्र ट्रंकेतून काढलं. निरंजननेच मागे आणून दिलं होतं. ते लावलं की पंख्याची घरघर डोक्यात शिरायची, म्हणून मी दोन दिवसांत गुंडाळून ठेवलं होतं. काल पंखा बंद केला आणि लावलं.

आणि तो बोललाच नाही! आला, पाया पडला, हात धुतले, खाली बसला, भाकरी चुरायला लागला. मीही वाटी उचलली, पहिला भुरका मारला, आणि बाई गं, मी दचकलो. विहिरीत मोटर सुरू झाल्यासारखं काहीतरी माझ्याच तोंडातून निघालं. केसरबाई फार दयाळू बाई, त्यांनी हात कमीच वर केले. मी वाटी खाली ठेवली. निरंजन खरंच बोलला होता. कागद ठेवायला नको होता, पण कागदावरचं खोटं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला एकोणसत्तराव्या वर्षी कळलं.

तेवढ्यात समोरून आवाज आला. मान खाली घालून तो आमटी ओढत होता. एक भुरका, मग भाकरीचा घास, मग दुसरा. ताटावर ओणवा, नाकाला घाम, शाळेतून आल्यावर जेवायचा अगदी तसा. विजयश्री, सतरा-अठरा वर्षांनी मी माझ्या पोराला जेवताना ऐकलं. त्याला आमटी आवडली हे त्याने सांगावं लागलं नाही.  त्याने वर बघून विचारलं की अण्णा, जेवत का नाही. मी म्हटलं, जेवतोय की. मग आम्ही दोघंही जेवलो, मोजून चार भाकऱ्या संपवल्या. माफीबिफी कुणी कुणाची मागितली नाही. जाताना दारात त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तो गेल्यावर मी विचार केला. नापासाचा पास होईन तेव्हा येईन म्हणून मी इथे बसलो होतो. दादाही असेच बसले, अकरा वर्षं, पित्ताचं नाव सांगून. त्यांना वाटलं असेल की आपण गप्प राहिलो तर पोराला त्रास नाही. त्यांच्या गप्प राहण्याचा मला जेवढा त्रास झाला तेवढा दुसऱ्या कशाचा झाला नाही. निरंजनच्या मागे मला तसं काही ठेवायचं नाही. म्हणून येतो. शांत जेवायला शिकलो म्हणून येत नाही, ते माझ्याने होणार नाही. बेताने ओढीन, तुझं डोकं दुखत असेल त्या दिवशी वाटी बाजूला ठेवीन, ते मला तोंडावर सांगत जा, यंत्र लावून बसतो. पण भाकरी सोडणार नाही आणि ओट्याशी उभा राहणार नाही. पाहुणा कुठल्याही देशाचा असो, मी सगळ्यांबरोबर बसेन.

गुरुवारी संध्याकाळी पोचतो. न्यायला कुणी नको, बस सरळ आहे.

एक काम सांगतो. निशिगंधा जन्मली तेव्हा माझे कान गेलेलेच होते. ती माझ्याशी ओरडून बोलते तेवढं ऐकू येतं, पण बारा वर्षांत त्या पोरीला जेवताना मी एकदाही ऐकलेलं नाही. गुरुवारी तिला माझ्या शेजारी बसव, आणि पापड, कुरडया, जे काय कुरकुरीत असेल ते तळ.

मी येईपर्यंत तुम्ही जेवायचं थांबा, एवढाच लोभ मागतो.

तुझा,
अण्णा